बोलावलं म्हणून बसायचं नसतं

मनिला, १२ मार्च २०१८

तिया सोलेदाद,

तुमचा हात धरून कपाळाला लावतो आहे असं समजा. मावशीला, मोठ्या माणसांना भेटल्यावर तसं करायचं असतं, एवढं तरी आईनं मला कॅनडात, विनिपेगच्या बर्फात शिकवलं होतं.

बागाकायहून निघालो तो आधी सिबुयानला गेलो, तिथला डोंगर चढलो, जळवांना रक्त पाजलं आणि मग मनिलाची वाट धरली. मधे बोट बदलायला बोराकायसमोरच्या धक्क्यावर अर्धा दिवस काढावा लागला. काय ती माणसं! डोक्याला बारीक वेण्या घातलेले बाप्ये, दंडावर आठवडाभर टिकणारं गोंदण, एका हातात आंब्याचं सरबत आणि दुसऱ्या हातात त्या सरबताचा फोटो. समुद्राकडे तोंड केलेला माणूस सापडेना, कारण फोटोत समुद्र मागे लागतो. ही माणसं प्रवास करत नाहीत, त्यांची ने-आण होते. ते बेट काही महिने बंद करायच्या गप्पा चालल्या आहेत. करावंच.

मी 'दुपार' मासिकात 'नकाशाच्या कडेला' हे सदर लिहितो ते तुम्हाला ठाऊक आहे. काही कात्रणं सोबत जोडली आहेत. जिथे कुणी जात नाही तिथे मी जातो. पुढचा लेख बागाकायवर आहे, आणि तो काही आईचं माहेर म्हणून नाही. तुमच्या बेटावर मी जे पाहिलं ते या देशात दुसरीकडे उरलेलं नाही. दुपारी गावातून चालत निघालो की दर घरातून हाक यायची, 'ये, जेवायला.' अनोळखी माणसाला! पहिल्याच दिवशी सात घरी जेवलो, तिया, पोट फुटायची वेळ आली. तुमच्या शेजारच्या म्हाताऱ्या नांग उर्सिंगनं तर स्वतःच्या ताटातलं माशाचं डोकं माझ्यापुढे सरकवलं आणि नुसती हसत बसली. विनिपेगला शेजारी आजारी पडला तरी रुग्णवाहिका आल्यावर कळतं. इथे मनिलात माझी घरमालकीण आलिंग बेलेन जिन्याशी बसून जेवताना मला रोज हाक मारायची आणि मी रोज बसायचो. हल्ली मात्र दार लावून जेवते. वय झालं की स्वभाव बदलतो.

तुम्ही तेवढ्या चार दिवसांत मला एकदाही 'ये, जेवायला' म्हणाला नाहीत, नुसतं ताट आणून आदळायचात. पण तुमची रीतच तशी, असं आई सांगायची.

तुमचा,
रोडेल


बागाकाय, २२ मार्च

नोनोय,

देव तुझं भलं करो. लहान मुलाला म्हणतात तसं 'नोनोय' आणि हा आशीर्वाद, दोन्ही वयानं मोठ्या बाईनं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. आता ऐक.

मी फोन का करत नाही, असं तू निघताना विचारलं होतंस. इथे फोन लागतो तो चर्चमागच्या टेकडीवर. टेकडी चढून जाऊन सांगावं असं मला तुझ्याशी काही बोलायचं नसतं. शिवाय या बेटाचं पोस्ट बंद होईपर्यंत मी सांभाळलं आहे. लिहिलेल्या शब्दाबद्दल माणसाला नंतर 'मी असं म्हणालोच नव्हतो' म्हणता येत नाही. म्हणून गुरुवारच्या बोटीनं पत्र.

कात्रणं वाचली. तुझ्या प्रत्येक लेखात एक 'अस्पर्शित' धबधबा आहे. अस्पर्शित म्हणजे जिथे बायका रोज धुणं धुतात पण तू अजून पोचला नव्हतास. एका लेखात 'हरवलेलं गाव' आहे. त्या गावाला आपण कुठे आहोत ते चांगलं ठाऊक असणार. हरवला होतास तू, तसं दुसऱ्या परिच्छेदात तूच लिहिलं आहेस.

आता जेवणाचं. एस्तर माझी धाकटी बहीण, तिनं तुला सातव्या वर्षी इथून उचलून नेलं आणि हात कपाळाला लावण्यापुढे काही शिकवलं नाही, म्हणून मला लिहावं लागतंय. आपल्याकडे जेवणारा माणूस दारावरून जाणाऱ्याला हाक मारतो, 'ये, जेवायला.' न मारली तर तो माणूस नव्हे. जाणारा म्हणतो, 'पोट भरलंय, तुम्ही सुरू करा.' न म्हटलं तर तोही माणूस नव्हे. झालं. दोघांची अब्रू राहिली आणि मासा ज्याचा त्याच्या ताटात राहिला. अशा हाकेवर येऊन बसतो तो फक्त उर्सिंगचा कुत्रा. आणि आता तू.

खरं बोलावायचं असतं तेव्हा माणूस बसल्या जागेवरून हाका मारत नाही. उठतो, मनगट धरून ओढत नेतो. नाहीतर घरचं कुणी पाठवतो, हातात काही ठेवतो. विचारल्याशिवाय तुझ्यापुढे ताट आदळलं ना, त्याला बोलावणं म्हणतात.

उर्सिंगकडचं ते डोकं उर्सिंगचं होतं. तिच्या ताटात दुसरं काही नव्हतं, आणि ती हसत नव्हती. तुझ्या घरमालकिणीचं दार का लागलं याचाही विचार कर, प्रवासात वेळ मिळाला तर.

इथे बाकी ठीक. ऑगस्टात माझ्या नवऱ्याला, तुझ्या तियो पुलोंगला, जाऊन वर्ष होईल. त्या दिवशी मी काळे कपडे उतरवणार आणि सगळ्या बेटाला जेवू घालणार. हाक मारून नव्हे, दारोदार जाऊन, मनगट धरून. इथल्या निम्म्या होड्या त्यानं बांधल्या, आणि होडी पाण्यात उतरली की त्या त्या घरी तो जेवला. 'सोलिंग, या सगळ्यांना एकदा आपल्या ताटावर बसवायचं राहिलं,' हे त्याचं जवळजवळ शेवटचं बोलणं. त्यासाठी डुक्कर पाळलं आहे. नाव मेयर ठेवलं, कारण तो खातो, झोपतो आणि काम असल्याशिवाय ओळख देत नाही. चांगला भरला आहे.

लेखात जेवणाबद्दल चकार शब्द लिहू नकोस.

तिया सोलेदाद


सामार, ९ एप्रिल

तिया,

तुमचं पत्र मनिलाहून फिरत फिरत इथे आलं. मी सध्या एका गुहेच्या तोंडाशी असलेल्या वस्तीत आहे. आतून नदी वाहते, बाहेर कोंबड्या. माझ्याखेरीज एकही उपरा नाही. काल एक जर्मन दिसला तेव्हा दोघांचाही दिवस वाया गेला.

रागावू नका, पण तुमचं पत्र वाचून मला हसू आलं. जन्मभर पोस्टात बसल्यामुळे तुम्हाला वाटतं की तिकीट लावल्याशिवाय काही पोचत नाही. माणसं नुसत्या मायेनंही बोलावतात, तिया. मी त्यांचे डोळे पाहिले आहेत. तुम्ही एकाच बेटावर जन्म काढलात, मी गेल्या दोन वर्षांत चाळीस पाहिली. आपल्याच लोकांचा चांगुलपणा जवळून दिसत नाही, त्याला बाहेरचा माणूस लागतो. आणि आलिंग बेलेनला दम्याचा त्रास आहे, जिन्यातली धूळ सोसत नाही, म्हणून दार लावते.

लेख छापून आला. अंक जोडतो आहे. शेवटचा परिच्छेद संपादकांना इतका आवडला की त्यांनी तो चौकटीत टाकला: 'बागाकायवर खानावळ नाही. लागतही नाही. जेवणवेळेला गावातून नुसते चालत जा. पहिल्या दारातून हाक आली की आत शिरा आणि बसा. संकोच करू नका, संकोच ही शहरातली वस्तू आहे. या लोकांना तुम्ही हवे आहात.'

बोराकाय या महिन्याच्या अखेरीला सहा महिन्यांसाठी खरंच बंद होतंय. संपादक खूश आहेत. लोक आता दुसरी बेटं शोधणार, आणि त्यातले निदान काही तरी चांगल्या चालीचे असतील.

मेयरला माझा नमस्कार.

रोडेल


बागाकाय, १७ मे

नोनोय,

तुझी चांगल्या चालीची माणसं पोचली.

पहिली टोळी महिन्याच्या सुरुवातीला उतरली. तीन मुली, एक दाढीवाला, चौघांच्या डोक्यावर टोपल्यांएवढ्या टोप्या. दुपारी गावातून असे चालले होते की जणू मिरवणूक निघाली आहे. उर्सिंग दारात बसून उकडलेली केळी आणि सुकी मासळी खात होती. तिनं रीतीप्रमाणे म्हटलं, 'या, जेवायला.' चौघंही आत. टोप्यांसकट.

उर्सिंगनं काय करावं? बसलेल्याला ऊठ म्हणणारं या बेटावर अजून कुणी जन्मलेलं नाही. मागच्या दारानं सुनेला पिटाळलं, तिनं माझ्याकडून तांदूळ नेले, पलीकडून अंडी नेली. चौघांनी पोटभर खाल्लं. दाढीवाला म्हणाला, 'किती साधं आणि किती अस्सल.' एका मुलीनं विचारलं, 'आजी, गोड काही नसतं का?'

मग ते पुढच्या घरी गेले. तुझा अंक त्यांच्या हातात होता.

आता दर बोटीला येतात. माझ्याकडेही आले. मी जेवत नव्हते, म्हणून बोलावलं नाही. एक बाई चर्चच्या पायरीवर बसून मला म्हणाली, 'लेखात लिहिलंय त्यापेक्षा तुम्ही लोक जरा रुक्ष आहात.' मी म्हटलं, 'लेख लिहिणारा माझा भाचा आहे, तो लहानपणी डोक्यावर पडला होता.' तिनं तेही वहीत लिहून घेतलं.

बोराकायवर जाणाऱ्यांना तू नावं ठेवलीस. ते बिचारे खोलीचं भाडं देतात, जेवल्यावर बिल मागतात, सरबताचा फोटो काढतात आणि घरी जातात. कुणाच्या ताटातलं डोकं खात नाहीत. मला तर आता त्या वेण्यावाल्यांबद्दल आदर वाटायला लागला आहे.

तुझ्याकडे एकच मागणं आहे. पुढच्या अंकात तशीच एक चौकट टाक आणि त्यात एवढंच लिही: 'बागाकायवर हाक आली तर पोट भरलंय म्हणा आणि पुढे चला.' तुझ्यासारख्या लेखकाला जड जाणार नाही.

तिया सोलेदाद


मनिला, ४ जून

तिया,

मी संपादकांशी बोललो. ते म्हणाले, सगळ्यांत जास्त वाचला गेलेला लेख आपणच खोडून काढायचा, हे कुठलं शहाणपण? शिवाय वाचकांची पत्रं येताहेत. एका बाईनं लिहिलं आहे की नांग उर्सिंगच्या घरी जेवून आपण रडलो.

मला तुमचा प्रश्न कळतो, पण तो तुम्ही स्वतः करून घेतलेला प्रश्न आहे. माणसं दारात येताहेत आणि तुम्ही लोक लाजताय. इतर बेटांवर माणसं यावीत म्हणून मेयरच्या पाया पडतात. (खऱ्या मेयरच्या.) बोलावताना संकोच नाही, मग पैसे मागताना कसला? सोबतच्या खोक्यात मी एक रंगवलेली पाटी पाठवतो आहे, 'घरगुती जेवण मिळेल'. खाली नारळाचं झाड काढून घेतलं आहे. नांग उर्सिंगच्या दाराला लावा. बघा महिन्याभरात छप्पर नवं होतं की नाही.

जगात सगळीकडे असंच होतं, तिया. रीत बदलावी लागते. एकाच बेटावर राहिलं की हे दिसत नाही.

पुढच्या आठवड्यात कातांदुआनेसला जातो आहे. तिथे एक खाडी आहे, तिचं नाव मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

रोडेल


बागाकाय, २६ जुलै

नोनोय,

तुझी पाटी उपयोगी पडली. कोंबड्यांच्या खुराड्याला दार नव्हतं. नारळाचं झाड आतल्या बाजूला आलं आहे, ते कोंबड्या बघतात.

तुला एक गोष्ट सांगते. ती तू कुठल्याच बेटावर पाहिली नसशील, कारण तू कारण झाल्याखेरीज ती होत नाही. जूनच्या मध्यापासून बागाकायवर माणसं दार लावून जेवायला लागली. भर दुपारी, उकाड्यात, खिडक्यासुद्धा लावून. पुलोंग गेला तेव्हा मी याच रस्त्यानं चर्चला जायचे आणि दर दारातून हाक यायची, 'नांग सोलिंग, या, जेवायला.' मी म्हणायचे, 'पोट भरलंय.' अन्नाचा कण पोटात नसायचा, पण दहा जणांनी विचारलं आणि दहा जणांना उत्तर दिलं, एवढ्यावर दिवस निघायचा. परवा त्याच रस्त्यानं गेले. आतून ताटल्यांचे आवाज येत होते. एकानंही हाक मारली नाही. आतून त्यांना कळलं असतं की मी आहे, तर मारली असती. पण ते बघायला खिडकी उघडावी लागते, आणि बाहेर टोप्या असतात.

हे मी रागानं लिहितेय असं समजू नकोस. रागवायला समोरचा तोलामोलाचा लागतो.

आता मेयरचं. या महिन्यात वादळी वारा सुटला, बोट बंद झाली. दोन बोटींची माणसं बेटावर अडकून पडली, चर्चच्या पडवीत झोपायची. सगळी दारं बंद, म्हणून हिंडत हिंडत माझ्या घराशी आली. मी ओसरीवर बसून अळूची भाजी आणि भात खात होते. पाऊस मागून मारत होता, म्हणून आत बसता येईना. पहिली बाई पायरीशी आली, भिजलेली, आणि माझं तोंड उघडलं. 'या, जेवायला.'

मी म्हणाले, नोनोय. तुला पत्रातून एवढं सुनावणारी मी. या तोंडाला एकाहत्तर वर्षांची सवय आहे, ते माझं ऐकत नाही. हातात ताट आणि समोर माणूस असलं की ते आपलं आपण बोलतं. बाई बसली. तिच्यामागून बाकीचे बसले. ओसरी भरली.

तांदूळ पहिल्याच दिवशी संपले. समुद्रात कुणी जाऊ शकत नव्हतं, त्यामुळे मासे नाहीत. दुसऱ्या दिवशीही पाऊस, आणि ती सगळी परत ओसरीवर, ताटाकडे बघत. मी उर्सिंगच्या मुलाला बोलावलं आणि म्हटलं, मेयरला काप.

मला वाटलं होतं, मी रडेन. नाही रडले. मसाला वाटला. एक जण म्हणाला, 'कातडी अजून थोडी कुरकुरीत झाली असती.' पायरीवर पहिली बसलेली बाई जाताना माझे दोन्ही हात धरून म्हणाली, 'लेखातलं सगळं खरं निघालं.'

ऑगस्टात पुलोंगचं वर्ष आहे आणि पाळलेलं जनावर टोप्यांनी खाल्लं. त्याच्या नावानं बेटावरच्या कुणाला मी काय वाढणार, ते तुझ्या चाळीस बेटांवर कुणी सांगत असेल तर विचारून ठेव.

तिया सोलेदाद


मनिला, ३ ऑगस्ट

तिया,

मनिलात चांगलं भाजलेलं डुक्कर मिळतं, मी ते घेऊन येतो, बर्फात घालून. नाहीतर पैसे पाठवतो, तिकडेच दुसरं घ्या. तुम्ही सांगाल तसं.

परवा आलिंग बेलेनचं दार वाऱ्यानं उघडं राहिलं होतं. ती जेवत होती. मला बघून तिचा घास हातातच राहिला आणि ती म्हणाली, 'ये, जेवायला.' तिच्या ताटात भात होता आणि एक अंडं होतं. मी म्हटलं, 'पोट भरलंय, तुम्ही सुरू करा.' तिया, तिनं डोळे मिटून घेतले आणि देवाचं नाव घेतलं. काल दुपारी तिचं दार उघडंच होतं. दम्याबिम्याचं काही नसावं.

संपादकांना मी चौकटीसाठी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, बोराकाय उघडलं की लोक आपोआप तिकडे जातील. मी सदर बंद केलं. कातांदुआनेसच्या खाडीवर लिहिलेलं फाडून टाकलं. याचं काही मोठं कौतुक नाही, ठाऊक आहे.

वर्षाला मी आलेलं तुम्हाला चालेल का, हे विचारायला मला तोंड नाही.

रोडेल


बागाकाय, ९ ऑगस्ट

नोनोय,

डुक्कर आणू नकोस. बर्फातलं डुक्कर पुलोंगच्या नावानं वाढलं तर तो उठून बसेल. पैसेही नकोत.

सोमवारी उर्सिंग आली. माझं मनगट धरलं आणि मला तिच्या स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. तिथे निम्मं गाव होतं. कुणाकडे कोंबडी आहे, कुणाकडे नारळ, कुणी भात सडणार, होडीवाले आदल्या दिवशी जाळं टाकणार. म्हणाले, पुलोंग आमच्या ताटावर जेवायचा तसा अजून एकदा जेवेल, फक्त या वेळी ताटं तुमच्या ओसरीवर मांडायची. मी म्हटलं, हे उलटं झालं, बोलावणार मी होते. उर्सिंग म्हणाली, 'गप बस.' या बेटावर मला गप बस म्हणणारी ती एकटीच उरली आहे.

त्या दिवशी सगळ्यांनी खिडक्या उघड्या ठेवायच्या असंही ठरलं. टोप्या आल्या तर होडीवाले त्यांना पलीकडच्या किनाऱ्यावर सोडून येतील. तिथे एक अस्पर्शित धबधबा आहे असं सांगायचं.

पंचवीस तारखेला दुपारचं जेवण. नोनोय, ये, जेवायला.

तिया सोलेदाद

सोबत: बोटीचं तिकीट


मनिला, १७ ऑगस्ट

तिया,

तुमचा हात कपाळाला लावून लिहितो.

तुमच्या पत्रातली शेवटची ओळ पुन्हा पुन्हा वाचली. या वेळी मी चुकणार नाही. तुम्ही मोठ्या मनानं रीत पाळलीत, मीही पाळतो.

पोट भरलंय माझं, तिया. तुम्ही सुरू करा.

तिकीट वाया जाऊ नये म्हणून परत पाठवतो आहे. तियो पुलोंगसाठी मी इथल्या चर्चमध्ये मेणबत्ती लावीन.

रोडेल


बागाकाय, ३० ऑगस्ट

नोनोय,

तुझं पत्र तेवीस तारखेच्या बोटीनं आलं. मी ते धक्क्यावर उभ्या उभ्या वाचलं. त्याच बोटीनं तू उतरशील म्हणून गेले होते.

एवढं शिकून, विनिपेगचं बर्फ खाऊन, चाळीस बेटं पालथी घालून तू गाढवच राहिलास, आणि तेही आता रीत कळलेलं गाढव. आधी तुला प्रत्येक हाक खरी वाटायची, आता एकही वाटत नाही. तोंडदेखल्या बोलावण्याला कुणी तिकीट जोडतं का रे? मार्चच्या पत्रात मी लिहिलं होतं की खरं बोलावणं हातात काही ठेवतं. तू ते वाचलं असतंस तर बरं झालं असतं. पण तू तेव्हा माझ्या पोस्टावर विनोद करण्यात गुंतला होतास. पत्रातून मनगट धरता येत नाही, म्हणून तिकीट धाडलं.

जेवण चांगलं झालं. सगळं बेट आलं होतं. मी काळे कपडे उतरवले. उर्सिंगनं मला तिचा निळा झगा दिला, तो मला कमरेत होत नाही. पुलोंगच्या ताटाशेजारचं ताट तुझं म्हणून वाढलं होतं. माशाचं डोकं उर्सिंगनं स्वतः त्यात ठेवलं, म्हणाली, 'त्याला आवडतं.' कुणीही त्या जागेवर बसलं नाही. ऊन उतरेपर्यंत तसंच ठेवलं. मग उर्सिंगच्या कुत्र्याला घातलं. तो पहिल्या हाकेला आला.

कालपासून दुपारी खिडक्या पुन्हा उघडायला लागल्या आहेत. सगळ्या नाहीत, पण चर्चपर्यंत जाताना मला चार घरांतून हाक आली आणि चारही वेळा मी पोट भरलंय म्हटलं.

तिकीट पुन्हा जोडते आहे. बोटीवाला म्हणतो, नाताळापर्यंत चालतं. आता तरी समज.

तिया सोलेदाद